आधी उपचार, मग अ‍ॅम्ब्युलन्स

मंडळी, अतिदक्षता विभाग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई, पुणे, कोल्हापूर येतं. मंडणगडच्या किंवा राजापूरच्या एखाद्या वाडीतून तिथवर पोचायचं तर महामार्ग तरी आहे नाहीतर घाट तरी, आणि पावसात त्या दोन्हींचा भरवसा नाही. म्हणून आज विंचू आणि साप या आपल्या घरच्याच दोन संकटांबद्दल बोलतो. या दोन्हींत माणूस जगणार की जाणार हे बहुतेक वेळा पहिल्या दवाखान्यातच ठरतं. हे मी नुसतं मनाने म्हणत नाही, यामागे संशोधन आहे, आणि विंचवावरचं बरंचसं संशोधन याच कोकणात झालंय.

जांभ्याचे गडगे, रचून ठेवलेली लाकडं, कौलं, पेंढा ही लाल विंचवाची घरं. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण त्याच्या दंशाने सहसा नुसती आग होते. जीव घेतो तो लाल. त्याच्या विषाने मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडी राहतात आणि अंगातलं अ‍ॅड्रेनॅलिन एकदम उसळतं. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. दुखण्याने ओरडणाऱ्या माणसाची मला तेवढी काळजी वाटत नाही. उलट्या करून गप्प झालेलं, घामाने निथळणारं, हातपाय गार पडलेलं पोर आलं की मी बाकी सगळं सोडून त्याच्याकडे धावतो.

1976 नंतरच्या काळात डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात असे रुग्ण पाहत होते. तेव्हाची पुस्तकं या विषयावर जवळजवळ मुकी होती. गंभीर लक्षणं असलेल्या शंभरांतले पंचवीस-तीस जण दगावत. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, पायांचा गारवा यांची तासातासाने नोंद ठेवली. 1982 साली ती निरीक्षणं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. रक्तवाहिन्या आवळल्या जात असतील तर त्या सैल करणारं औषध द्यावं, हा विचार त्यातूनच पुढे आला. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरली आणि 1986 मध्ये तेही ‘लॅन्सेट’ने छापलं. ती वेळेवर मिळू लागल्यावर मृत्यूचं प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, त्याचा मला फार आनंद झाला. पण ही गोळी प्रत्येक आरोग्य केंद्राच्या कपाटात असणं, हा मला त्याहून मोठा सन्मान वाटतो.

गोळी देण्यात नजर लागते. किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, तोंडाने. रुग्ण आडवाच ठेवायचा. पहिल्या मात्रेनंतर उठवून बसवलं तर रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, म्हणून आईने पोराला कडेवर घ्यायचं नाही. हे मी दर वेळी दोनदा सांगतो, कारण आईचा हात आपसूक पुढे येतोच. घामाने आणि उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं असतं, तेही भरून काढायचं. मग दर तीन तासांनी पायांना हात लावून बघायचा. पाय कोरडे आणि उबदार झाले, शिरा दिसू लागल्या की गोळी बंद. तोवर पुढची मात्रा. यात मोठं यंत्र कुठेच नाही. रात्रभर जागणारी एक परिचारिका मात्र लागते. ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते, घरी डबीत ठेवून स्वतः देऊ नका.

पुढे प्रश्न आला विंचवाच्या प्रतिविषाचा, म्हणजे विषावर उतारा असलेल्या इंजेक्शनचा. 2011 मध्ये बावस्कर दांपत्याची महाडची चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. एकूण 70 रुग्ण होते. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन दिलं, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही. दहा तासांनी दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32 जणांची लक्षणं पूर्ण गेली होती. नुसती गोळी घेतलेल्या 35 पैकी 8 जणांची. कोणाला काय दिलंय हे डॉक्टरांना माहीत होतं आणि रुग्णही थोडेच, हे ध्यानात ठेवूनच ते आकडे वाचले पाहिजेत. माझं मत विचाराल तर, प्रतिविष हाताशी असेल तर जरूर द्यावं, पण त्याची वाट पाहत गोळी लांबवू नये.

आता साप. आपल्याकडे फुरसं फार. फुरसं आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, आणि ते ओळखायला एक काचेची नळी पुरते. नळी कोरी, कोरडी आणि काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. साबणाने धुतलेली नळीही दगा देते. तिच्यात 2 मिलिलिटर ताजं रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं ओघळलं तर प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरची लस, सुरू करायचं. लहान मुलालाही मोठ्यांइतक्याच कुप्या लागतात, कारण साप वय बघून विष सोडत नाही.

या लशीची रिअ‍ॅक्शन येते, म्हणून अनेक ठिकाणी आधी हायड्रोकॉर्टिसोन आणि अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन देण्याची रीत आहे. श्रीलंकेत एक हजारावर रुग्णांवर याचीच चाचणी झाली आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. त्वचेखाली अगदी थोडं अ‍ॅड्रेनॅलिन आधी दिलं तर पहिल्या तासातल्या तीव्र रिअ‍ॅक्शन 43 टक्क्यांनी घटल्या. बाकीच्या दोन औषधांनी काहीच फरक पडला नाही. इतका स्वच्छ निकाल हाती असताना जुनी रीत का चालू राहावी, हे मला खरंच पटत नाही. आपली लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचीच आहे. चापडा जातीचा साप चावला किंवा जाळं ओढताना समुद्रसाप चावला तर तिचा उपयोग नाही, तिथे श्वास, मूत्रपिंड आणि रक्तस्राव सांभाळणं हाच उपचार.

मण्यारीचं वेगळंच. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते, खूण दिसेल न दिसेल. पोटात दुखतं, पहाटे पापण्या जड होतात, मग छाती हलायची थांबते. मज्जातंतूंवर विष एकदा बसलं की लशीने लगेच सुटत नाही. पण श्वास कोणी चालू ठेवला तर हा माणूस पूर्ण बरा होतो. जिल्ह्याच्या व्हेंटिलेटरपर्यंत पोचेतो अंबू बॅग, म्हणजे तोंडावर धरून श्वास देणारी रबराची पिशवी, हाताने दाबत राहायची, तास दोन तास, माणसं आळीपाळीने बदलत. ती पिशवी जवळ नाही आणि दाबायला शिकवलेलं कोणी नाही, म्हणून वाटेत माणूस जावा, याचं मला अतोनात वाईट वाटतं.

रुग्णाला पुढे पाठवू नका असं मी म्हणत नाही. फुप्फुसात पाणी झालं, लघवी थांबली, श्वास अडला तर पाठवायलाच हवं, आणि त्यासाठी 108 आहे. पण पहिल्या कुप्या आत गेल्यावर, पहिली गोळी पोटात गेल्यावर. बरोबर कागदही द्यावा: दंश किती वाजता, औषध कोणतं, किती आणि किती वाजता, रक्त गोठलं की नाही. कोरा कागद आला की पुढचा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

भात कापणीआधीच्या ग्रामसभेत आपल्या आरोग्य केंद्राच्या साठ्याचा विषय घ्या. प्रतिसर्पविषाच्या किती कुप्या आहेत, मुदत कधी संपते, प्राझोसिन आहे का, अंबू बॅग लहान मुलांची आणि मोठ्यांची दोन्ही आहेत का, रात्री कोण असतं. आणि काचेच्या कोऱ्या नळ्या आहेत का, हेही विचारा.