अॅल्युमिना वितळला, हे ठरवायचं कसं?

मित्रहो, जळगावात हा विषय सोन्यापासून सुरू केलेला बरा. शुद्ध सोनं १०६४.१८ अंश सेल्सिअसला गोठतं. १९९०च्या आंतरराष्ट्रीय तापमानश्रेणीत चांदी, सोनं किंवा तांबं, यांपैकी एकाचा गोठणबिंदू धरतात आणि त्यावरची तापमानं प्लांकच्या नियमानं, प्रकाशाच्या तीव्रतेवरून काढतात. तापमापकाच्या तारेतलं प्लॅटिनम १७६८ अंशांनाच वितळतं; अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियमचं ऑक्साइड, २०५४ला. म्हणजे इथे आपण खरं तर प्रकाश मोजतो, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

पूड ९९.९९ टक्के शुद्ध घ्या. सोन्यात तांबं मिसळलं की ते आधीच पाघळू लागतं, हे इथल्या सराफांना सांगायला नको. अॅल्युमिनात सिलिका राहिली तर पहिला द्रव २०५४च्या बराच आधी दिसतो. पूड हजार अंशांवर भाजून ओल घालवा, दाबून गोळी करा, टंगस्टनच्या मुशीत ठेवा. भट्टीत निर्वात किंवा आरगॉन हवा, कारण हवेत टंगस्टन जळतं.

पायरोमीटर, म्हणजे प्रकाशावरून तापमान सांगणारं उपकरण, मुशीच्या उघड्या पृष्ठभागावर रोखू नका. ०.६५ मायक्रॉन तरंगलांबीला टंगस्टनची उत्सर्जकता, म्हणजे त्याच तापमानाच्या आदर्श काळ्या वस्तूच्या तुलनेत प्रकाश टाकण्याचं प्रमाण, साधारण ०.४३ असते, त्यामुळे अॅल्युमिनाच्या द्रवणांकाजवळ आकडा सुमारे १९० अंश कमी येतो. मुशीच्या जाड बुडात बाहेरून एक बारीक भोक पाडा, रुंदीच्या आठ-दहा पट खोल, आणि त्यात पाहा. ते जवळजवळ कृष्णवस्तूसारखं, म्हणजे त्या आदर्श काळ्या वस्तूसारखं, वागतं. भट्टीची काच ९२ टक्के प्रकाश सोडत असेल तर आणखी २० अंश कमी दिसतात. ही दुरुस्ती प्रयोगाआधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजा. वाफ काचेवर बसते आणि आकडे हळूहळू खाली सरकतात.

द्रवणांकाच्या ४०-५० अंश वर नेऊन भट्टी सावकाश थंड करा. वेळेनुसार काढलेला तापमानाचा वक्र आधी द्रवणांकाच्याही खाली जातो, मग गोठताना सुटणाऱ्या उष्णतेनं वर उसळतो आणि सपाट होतो. तो सपाट भाग हाच आकडा, तळाचा बिंदू नव्हे.

मूसच नको असेल तर दोन-तीन मिलिमीटरचा मणी वायूच्या झोतावर तरंगता ठेवून कार्बन डायऑक्साइड लेसरनं वितळवतात. मुशीचा दोष गेला, पण भोकही गेलं! मण्याची उत्सर्जकता वेगळी मोजावीच लागते. तरी झिर्कोनियासाठी, म्हणजे झिर्कोनियमच्या ऑक्साइडसाठी, मला हीच पद्धत पटते, कारण निर्वात भट्टीत तो ऑक्सिजन गमावून काळा पडतो आणि मग २७१५च्या खालीच वितळतो. मॅग्नेशियाची, म्हणजे मॅग्नेशियमच्या ऑक्साइडची, अडचण निराळी: २८००च्या पुढे वितळेपर्यंत बराचसा उडून जातो. चुना पावसाळ्यात उघडा ठेवलात तर भट्टीत जाण्याआधीच त्याचं हायड्रॉक्साइड होतं.

दीपनगरसारख्या वीजकेंद्रातल्या बॉयलरच्या अग्निविटेला हे लागू नाही. ती मऊ होत जाते; तिच्यासाठी शंकू वाकवून पाहण्याची चाचणी आहे.

नवी मांडणी केलीत की पहिला नमुना अॅल्युमिनाचाच ठेवा. सगळ्या दुरुस्त्यांनंतर तो २०५४च्या आसपास आला नाही, तर झिर्कोनिया भट्टीत घालू नका. आधी काच तपासा, मग भोक.