१३ हजार डॉलरचा पिकअप अमेरिकेत का मिळत नाही?

नमस्कार मंडळी! टोयोटाच्या हायलक्स चॅम्पचे व्हिडिओ सगळीकडे फिरायला लागले आणि तुमचा एकच प्रश्न यायला लागला. थायलंडमध्ये २०२३ च्या शेवटी ही गाडी आली. सुरुवातीची किंमत ४ लाख ५९ हजार बाट, म्हणजे साधारण १३ हजार डॉलर. पुढे केबिन, मागे सपाट हौदा, बस्स. मग पिकअपचं एवढं वेड असलेल्या अमेरिकेत ही का नाही? तिथे बंदी आहे का?

बंदी नाहीये. आहे तो कर, आणि त्या करामागे आहे कोंबडी. ही गोष्ट पटकन सांगतो, कारण बऱ्याच जणांना ती माहीत आहे. अमेरिकेची स्वस्त कोंबडी युरोपात धडाधड विकली जायला लागली, तिथले शेतकरी ओरडले, आणि १९६२ मध्ये युरोपातल्या देशांच्या 'सामायिक बाजार' या गटानं तिच्यावरचं शुल्क वाढवलं. अमेरिकेनं उत्तर दिलं. डिसेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक (यात पिकअपही आले) यांवर २५ टक्के कर लावला. ट्रकमध्ये निशाणा होता पश्चिम जर्मनीच्या फोक्सवॅगनवर. बाकीचे कर पुढे गेले, ट्रकवरचा राहिला. साध्या मोटारीवरचा कर पुढे अडीच टक्क्यांपर्यंत उतरला, ट्रकवर मात्र २५ च. याला तिकडे चिकन टॅक्स म्हणतात. २०२५ मध्ये ट्रम्प सरकारनं गाड्यांवर लावलेले कर हा वेगळा विषय आहे, त्यावर वेगळा व्हिडिओ करू.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. भांडण जर्मनी आणि फ्रान्सशी होतं, पण जागतिक व्यापाराच्या नियमांमुळे कर एकट्या जर्मनीवर लावता येत नव्हता, तो सगळ्यांवर लावावा लागला. कोंबडीच्या भांडणाशी जपानचा काहीही संबंध नव्हता. तरी पुढची साठ वर्षं सगळ्यात जास्त तोच अडकला, कारण छोटे, दणकट पिकअप बनवण्यात त्याचा हात कुणी धरत नव्हतं.

आता मुद्द्याचं. प्रत्येक व्हिडिओखाली एक कमेंट हमखास असते: "दादा, १३ हजारावर २५ टक्के म्हणजे सव्वातीन हजार. झाले सव्वासोळा. तरी स्वस्तच की!" मला या कमेंटचा खरंच त्रास होतो. गणित बरोबर आहे आणि निष्कर्ष चुकलेला आहे. म्हणून हे नीट सांगतो.

पहिलं म्हणजे, सव्वासोळा हजारात ती गाडी अमेरिकेच्या रस्त्यावर चालवताच येणार नाही. तिथले सुरक्षेचे नियम युरोप-जपानपेक्षा वेगळे आहेत. धडकेच्या चाचण्या वेगळ्या, एअरबॅगच्या अटी वेगळ्या. डिझेल इंजिनाच्या धुराचे नियम इतके कडक की बऱ्याचदा दुसरं इंजिनच बसवावं लागतं. हा खर्च गाडी महाग असो की स्वस्त, जवळपास तेवढाच येतो. ५० हजारांच्या गाडीत तो खपून जातो. १३ हजारांच्या गाडीत कंपनीला सुटतं किती? त्यात जहाजाचं भाडं, डीलरचा वाटा, आणि वर २५ टक्के.

दुसऱ्या बाजूनं बघा. २५ टक्के किरकोळ असते, तर कंपन्यांनी ते भरले असते. त्यांनी काय केलं ते ऐका. सत्तरच्या दशकात फोर्डनं माझदाकडून आणि शेव्हरलेनं इसुझूकडून पिकअप आणले, पण हौद्याशिवाय! नुसती केबिन आणि चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा) आणली की ४ टक्के कर लागायचा, मग हौदा अमेरिकेत बसवायचे. १९८० मध्ये ही वाट बंद झाली. सुबारूनं आपल्या ब्रॅट गाडीच्या उघड्या हौद्यात दोन खुर्च्या बसवल्या आणि म्हणाले, ही प्रवासी गाडी आहे. पुढे फोर्ड तुर्कस्तानातून ट्रान्झिट कनेक्ट आणायची, मागे सीट आणि खिडक्या लावून. कस्टममधून सुटली की मागची सीट काढून टाकायची आणि मालवाहू व्हॅन म्हणून विकायची. ते प्रकरण २०२४ मध्ये ३६.५ कोटी डॉलर भरून मिटलं. चांगल्या नव्याकोऱ्या सीट उपटून काढणं कंपनीला परवडत होतं, कर भरणं परवडत नव्हतं. आता सांगा, २५ टक्के किरकोळ आहेत?

आणि तिसरी बाजू. हा कर कंपनीचं नाव बघत नाही, गाडी कुठे बनली ते बघतो. म्हणून टोयोटाचा टुंड्रा टेक्सासमध्ये बनतो, निसानचा फ्रंटियर मिसिसिपीत. कुणी म्हणेल, मग चॅम्पही तिथेच बनवा. पण एकदा अमेरिकेत कारखाना उभा केला, तिथले पगार दिले, की त्याच जागेत जास्त नफ्याचा मोठा ट्रकच काढणार ना? त्यात इंधनाचे नियम असे की गाडीच्या चाकांमधली जागा जेवढी मोठी, तेवढं मायलेजचं उद्दिष्ट सोपं. लहान ट्रकवर कर, लहान ट्रकला कडक नियम. आधी स्वस्त ट्रकच मरणार.

"अमेरिकन लोकांना छोटं आवडत नाही," असंही बरेच जण लिहितात. हे मला पटत नाही. टेक्सासला मावसभावाकडे गेलो होतो, तेव्हा त्याच्या शेजारी सुतारकाम करणारे एक गृहस्थ होते. नव्वदच्या दशकातला छोटा पिकअप त्यांनी जिवापाड जपलाय. विकत का नाही, विचारलं, तर म्हणाले, याच्यासारखा नवा मिळतच नाही. २०२१ मध्ये फोर्डनं मॅव्हरिक हा छोटा पिकअप २० हजार डॉलरच्या किंचित खाली आणला, तर त्याच्यावर उड्या पडल्या. पुढे किंमत वाढत गेली, ती गोष्ट वेगळी.

आपल्याकडची आठवणही आहे. महिंद्राला आपला डिझेल पिकअप अमेरिकेत विकायचा होता. २०१० मध्ये प्रदूषणाची मंजुरीसुद्धा मिळाली. पण तिथल्या वितरकाशी वाद होऊन तो बेत मोडला. मला मनापासून वाईट वाटलं होतं. नाशिकला मामाकडे द्राक्षं आणि कांदा वाहणारा बोलेरो पिकअप मी लहानपणापासून बघत आलोय. त्या एका गाडीवर अख्खं घर चालतं. शेतकऱ्याला, प्लंबरला, छोट्या दुकानदाराला असं वाहन स्वस्तात मिळायला हवं, मग तो निफाडचा असो की नेब्रास्काचा.

हा कर लवकर जाईल का? दक्षिण कोरियाशी झालेल्या करारात तो २०२१ पर्यंत संपणार होता. २०१८ मध्ये ती मुदत २०४१ पर्यंत ढकलली. यावरून अंदाज करा.

शेवटी, अमेरिकेत राहणाऱ्या मंडळींचा प्रश्न: "जपानी छोटा केई ट्रक मागवू का?" केई ट्रक म्हणजे ६६० सीसीचा पिटुकला ट्रक. तो २५ वर्षांहून जुना असेल तर सुरक्षेच्या नियमांतून सूट आहे, १९८८ च्या कायद्यामुळे. कर मात्र त्यावरही २५ टक्केच. आणि नोंदणी राज्याच्या हातात असते. मेन राज्यानं रस्त्यावर चालवायला नकार दिला होता, टेक्सासनं २०२४ मध्ये परवानगी दिली. त्यामुळे पैसे भरण्याआधी आपल्या राज्याच्या वाहन विभागाकडून लेखी उत्तर घ्या. विकणाऱ्याच्या फोनवरच्या शब्दावर जाऊ नका.