‘बसतो’ म्हणजे जुळतो असं नाही

पद्मिनीवाले किती आहेत इथे, हात वर करा बघू. निम्म्याहून जास्त! मग गाडीची ओळख करून देत बसत नाही, कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट अकराशे डिलाइट म्हणून निघाली, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी, नावं बदलली पण खालचा सांगाडा तोच, १०८९ सीसीचं इंजिन तेच आणि आजचा आपला विषय म्हणजे स्टीअरिंगची सांधणी, तीही तीच. विषय दिलाय ‘उत्पादन बंद झालेल्या गाडीला पर्यायी स्टीअरिंग पार्ट कसे शोधावेत’. त्यावर येतोच, पण आधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

वडिलांची ८६ सालची पद्मिनी. रस्त्यावर डावं-उजवं ओढायला लागली, जॅक लावून चाक हलवलं तर डाव्या टाय रॉड एन्डमध्ये, म्हणजे स्टीअरिंगचा दांडा चाकाला जोडणाऱ्या सांध्यात, सरळसरळ प्ले, ढिलाई. पुण्यात नाना पेठेत गेलो. एका दुकानात काउंटरवर एन्ड ठेवला, डबी नवी, रबर नवं, ग्रीस निपल चकचकीत. विचारलं, पद्मिनीचाच ना? तर म्हणाला, ‘साहेब, बसतो.’ हा शब्द लक्षात ठेवा. फिटरने लावला, आणि लावताना म्हणाला की एन्डची पिन जरा जास्तच आत जातेय, नट आवळला तरी स्प्लिट पिनचं, म्हणजे नट सुटू नये म्हणून घालतात त्या तारेचं, भोक वर राहतंय, दोन वायसर टाकतो. मी म्हटलं टाक. आज कोणी माझ्यासमोर टाय रॉडच्या नटाखाली दोन वायसर टाकले तर मी त्याचा हात धरीन, पण तेव्हा कळत नव्हतं.

दीड महिन्याने वाईला निघालो, आई मागे बसलेली, खंबाटकी उतरताना वळणावर स्टीअरिंग हातात असं एकदम अर्धा इंच मोकळं झालं आणि खालून ठक्. पुढच्या वळणाला परत ठक्. गाडी कडेला घेतली, खाली वाकून बघितलं तर नट सैल, वायसर खडखडतायत, स्प्लिट पिन तुटून अर्धी लोंबतेय. चाक सुटलं नाही एवढंच. गाडी टो करून आणली, एन्ड काढला, आणि त्या एन्डची पिन मी अजून जपून ठेवलीये, आज आणलीये, मागे फिरवा. बघा, वरच्या बाजूला अंगठीएवढी एकच पट्टी घासून चांदीसारखी चमकतेय, बाकी सगळी पिन काळीच. म्हणजे ती भोकात फक्त त्या पट्टीवर टेकलेली होती, खाली हवाच होती, आणि दीड महिना हजारो खड्ड्यांत ती तिथे डुलत होती.

कारण काय, तर एन्डची पिन सरळ नसते, निमुळती असते, टेपर. समोरच्या आर्ममधलं भोकही तसंच निमुळतं. सगळं वजन ती टेपर भिंत घेते, नटाचं काम फक्त पिन ओढून बसवण्याचं. टेपरचा उतार थोडा जरी वेगळा असला तरी पार्ट ‘बसतो’, हाताला घट्टही लागतो, पण जुळत नाही. माझा राग त्या दुकानदारावर आहे तो एवढ्यासाठी, त्याने खोटं सांगितलं नाही, त्याने अर्धं सांगितलं.

आणि हे आता वाढणार आहे मंडळी. इतकी वर्षं आपले पार्ट कोण जिवंत ठेवत होतं? मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी. रोज रस्त्यावर, रोज झिजणार, म्हणून दुकानदार माल ठेवायचा. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं, गाडीसाठी आणि गिऱ्हाइकासाठीही, कारण आता गिऱ्हाईक म्हणजे आपण, वर्षाला एक एन्ड घेणारे.

(चिठ्ठी आलीये, दहा मिनिटं. बरं, भराभर सांगतो.)

पहिलं, जुना पार्ट भंगारात टाकू नका. झिजलेला असला तरी तोच तुमचा नकाशा आहे. व्हर्नियरने पिनचा जाड टोकाचा आणि बारीक टोकाचा व्यास घ्या, मधली लांबी घ्या, उतार कळतो. आट्यांचा व्यास, आट्यांमधलं अंतर, आटे सुलटे की उलटे, दोन्ही टोकांना वेगळे असतात. रॉडची मध्यापासून मध्यापर्यंत लांबी. मग दुकानात गाडीचं नाव सांगू नका, माप सांगा. नावावर ‘बसतो’ मिळतं, मापावर जुळणारा मिळू शकतो, मग तो कुठल्या टेम्पोचा का असेना.

दुसरं, घेण्याआधी निळा लावा. पिनवर मार्किंग ब्लूचा, म्हणजे कुठे टेकतंय ते दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा, पातळ हात, भोकात दाबून जरा फिरवा, काढा. निळा सगळीकडे पुसला गेला तर घ्या, एकाच पट्टीत पुसला गेला तर परत करा. वायसर, पत्रा, वेल्डिंग काही नाही. स्टीअरिंगच्या कुठल्याही पार्टला गॅस लावायचा नाही. सांध्यातले बुश लेथवर नवे करून घ्या, आयडलर आर्मचे असोत की चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचे, पण पिन आणि आर्म नाही.

लांबीही मनाने बदलू नका, रॉड आणि सस्पेन्शनचा खालचा आर्म यांचं एकमेकांशी गणित आहे, ते चुकलं की खड्ड्यात चाक वर गेलं की गाडी आपोआप वळते.

तिसरं, स्टीअरिंग बॉक्स, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्याखालची गियरची पेटी. बॉक्स झिजतो तो मधोमध, कारण गाडी नव्वद टक्के सरळ चालते. मधला प्ले काढायला वरचा स्क्रू आवळत गेलात तर पूर्ण वळणावर अडकतो, सोडल्यावर परत येत नाही. तेव्हा आवळून बघून वळणावर घट्ट लागला की थांबा, तो बॉक्स उघडायचाच आहे. आत ग्रीस भरू नका, ती वर्मवरून, म्हणजे आतल्या स्क्रूसारख्या गियरवरून, बाजूला सरकते आणि परत येत नाही, नव्वद नंबरचं गियर ऑइल घाला, गळत असेल तर सील बदला. अँबेसेडरचा बॉक्स कोणी देऊ केला तर तिथूनच परत फिरा, तिला रॅक अँड पिनियन, म्हणजे दातेरी पट्टीची वेगळीच रचना. इटलीतून मागवायचा विचार असेल तर लक्षात घ्या, तिकडे स्टीअरिंग डावीकडे, बॉक्स आणि त्यातून रॉड हलवणारा ड्रॉप आर्म उलटे येणार.

वेळ संपली असं म्हणतायत. मी एक वही सुरू केलीये, पद्मिनीच्या स्टीअरिंगचा एकेक पार्ट, माप आणि कोणता पर्याय निळा लावून पास झाला ते. आत्तापर्यंत अकरा ओळी झाल्यात. ज्यांनी जुने एन्ड आणलेत त्यांनी मागच्या टेबलाकडे या, व्हर्नियर आणि निळा दोन्ही आणलंय, चहा होईपर्यंत चार-पाच तरी मोजून होतील.