मिनिट की मिल : रायफलच्या दुर्बिणीतील कोनमापन

लांब पल्ल्याच्या शिकारीसाठी दुर्बीण घेणाऱ्याला मिनिटाची घ्यावी की मिलची, हा प्रश्न हमखास पडतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच मिटला. म्हणून अमेरिकेतील कोलोरॅडो-वायोमिंगच्या डोंगरांत चारशे-पाचशे यार्डांवरच्या एल्कवर (मोठ्या हरणावर) नेम धरणारा परवानाधारक शिकारी समोर ठेवून मी बोलणार आहे.

मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, पंचांगातली कला ती हीच. शंभर यार्डांवर तो १.०४७ इंच भरतो. मिल हा रेडियनचा हजारावा भाग असून शंभर यार्डांवर त्याचे ३.६ इंच होतात. मिल हे मेट्रिक माप आहे ही समजूत मात्र निराधार आहे, कारण हजार मीटरवर तो एक मीटर भरतो तसाच हजार यार्डांवर एक यार्ड भरतो.

टरेट म्हणजे नेम सरकवण्यासाठी दुर्बिणीवर असलेले फिरते गोल बटण, आणि क्लिक म्हणजे त्याचा एक खटका. पाव मिनिटाच्या क्लिकने शंभर यार्डांवर नेम ०.२६ इंच सरकतो, दशांश मिलच्या क्लिकने ०.३६ इंच. मिनिटाचे समर्थक या बारकाईचा फार गवगवा करतात. परंतु सहाशे यार्डांवरही हा फरक क्लिकमागे जेमतेम ०.६ इंच असतो, आणि शंभर यार्डांवर इंचभरात गोळ्या मारणारी उत्तम रायफलसुद्धा तेथे किमान सहा इंचांत पसरते. कागदी लक्ष्यावरच्या स्पर्धेत या बारकाईला मोल असेल. शिकारीत ती गौण आहे, असे माझे मत आहे.

खरी अडचण येते ती रेटिकल, म्हणजे दुर्बिणीतून दिसणाऱ्या नेमाच्या रेषा-खुणा, एका मापाचे आणि टरेट दुसऱ्या मापाचे असले की. एकेका मिलच्या अंतराने ठिपके असलेले मिल-डॉट रेटिकल १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी मरीन दलासाठी तयार झाले आणि पुढे कित्येक वर्षे त्याच्या जोडीला मिनिटाचे टरेट असलेल्या दुर्बिणी सर्रास विकल्या गेल्या. अशा दुर्बिणीत गोळी ०.८ मिल खाली लागलेली दिसली, तर त्याला ३.४४ने (एका मिलची मिनिटे) गुणून पावणेतीन मिनिटे, म्हणजे अकरा क्लिक, हा हिशेब जनावर चालू लागलेले असताना आणि बोटे गारठलेली असताना करावा लागतो. दोन्हीकडे मिल असेल, तर आठ क्लिक फिरवले की काम झाले.

काही टरेटांवर तर मिनिट म्हणजे शंभर यार्डांना सरळ एक इंच धरलेला असतो. पाचशे यार्डांसाठी बारा मिनिटे फिरवली, तर या ढिलाईपायी नेम पावणेतीन इंचांहून अधिक चुकतो. शिवाय रेटिकल दुसऱ्या नाभीय प्रतलात असेल, म्हणजे वर्धन (प्रतिमा मोठी दिसण्याचे प्रमाण) बदलले तरी खुणांचा आकार तोच राहत असेल, तर त्यावरच्या खुणा एका ठरावीक वर्धनालाच खऱ्या असतात. वर्धन निम्मे केले की एका मिलची खूण दोन मिल व्यापते आणि वाऱ्यासाठी खुणेवर धरलेला नेम फसतो.

नव्याने घेणाऱ्याला मी मिल सुचवीन, कारण अकरा मिनिटांऐवजी ३.२ मिल हा आकडा लक्षात ठेवायला आणि सोबत्याला सांगायला सुटसुटीत आहे. पण ज्याचे कोणत्या अंतराला टरेट किती फिरवायचा याचे कोष्टक आणि सोबती दोन्ही मिनिटांत बोलतात, त्याने केवळ फॅशनपायी माप बदलू नये. माप कोणतेही असो, शंभर यार्डांवर उंच कागद लावून टरेट दहा मिल किंवा तीस मिनिटे फिरवावा. गोळी पहिल्या प्रसंगी ३६ इंच, दुसऱ्या प्रसंगी ३१.४ इंच वर लागली नाही, तर ती दुर्बीण दुकानदाराला परत करावी.