कोंचा बुइका आणि तिचा खरखरीत आवाज

नमस्कार मंडळी. आज एक स्पॅनिश गायिका, नाव कोंचा बुइका, पण जगभर सगळे नुसतं बुइकाच म्हणतात. आधीच सांगून ठेवतो, हिचं गाणं पहिल्यांदा लावलं की वाटतं बाईला सर्दी झालीये की काय, कारण आपला कान गोड, गोलाईदार आवाजांवर पोसलेला आणि हिचा आवाज खरखरीत, घशातून खेचून काढलेला, मधेच चक्क फाटतो पण. फ्लामेंको, म्हणजे दक्षिण स्पेनचं पारंपरिक गाणंबजावणं, ते गाणारे मात्र ह्याला दोष मानत नाहीत बरं का, त्यांना असाच आवाज हवा असतो. तेव्हा पहिली दोन गाणी जरा धीर धरा.

जन्म १९७२चा, पाल्मा दे मायोर्का ह्या भूमध्य समुद्रातल्या बेटावरच्या शहरात. आईवडील मूळचे इक्वेटोरियल गिनीचे, म्हणजे आफ्रिकेतली स्पेनची जुनी वसाहत. १९६८ला तो देश स्वतंत्र झाला आणि लगेच मासियास न्गेमाच्या हुकूमशाहीत अडकला, लोक देश सोडून पळाले, त्यातलंच हे कुटुंब. वडील लेखक आणि राजकारणातले. ती नऊ वर्षांची असताना ते घर सोडून गेले आणि पुढे सगळं आईने ओढलं. राहायला जिप्सी वस्तीत, आजूबाजूला दुसरं काळं कुटुंब नाही, घरात आईचं जॅझ आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की फ्लामेंको. मला काय वाटतं, लोक तिला सरसकट फ्यूजन गायिका म्हणून मोकळे होतात ना तिथेच चुकतं, कारण फ्यूजनमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकून मग ठरवून जोडतात, आणि हिला लहानपणी त्या वेगळ्या कधी मिळाल्याच नव्हत्या.

करिअर काही झटपट झालं नाही. २०००मध्ये पियानोवादक खाकोब सुरेदाबरोबर एक अल्बम केला, फारसा कुणी ऐकला नाही. त्याच सुमाराला लास वेगासमध्ये अमेरिकन रॉक गायिका टीना टर्नरची नक्कल करायचं काम पण केलं तिने, पोटासाठी. २००५ला 'बुइका' नावाचाच अल्बम आला आणि मग भेटला प्रोड्युसर खावियेर लिमोन. ह्या माणसाला आवाज कुठे ठेवायचा ते बरोब्बर कळायचं. २००६चा 'मी निन्या लोला' आणि २००८चा 'निन्या दे फुएगो' हे त्या जोडीचे अल्बम. पहिल्यात तिने कोपला गायल्या, म्हणजे स्पेनमध्ये जुन्या पिढीची जी नाट्यमय, रडवणारी गाणी असतात ती, आजीच्या रेडिओवरची. मागे ऑर्केस्ट्राचा गोंगाट नाही, पियानो, बास गिटार, गिटार, टाळ्या असं मोजकंच, आणि मधे ती. आणि ती ओळ कशी म्हणते माहितीये, जॅझवाल्यांसारखी तालाच्या मागे रेंगाळते, शब्द ओढत राहते, तुम्हाला वाटतं चुकली आता, आणि मग फ्लामेंकोवाल्यांसारखी बरोबर ठोक्यावर येऊन आदळते.

हा ठोका कळायला आपल्याला सोपं जाईल खरं तर. फ्लामेंकोतला बुलेरिया नावाचा ताल बारा मात्रांचा असतो, आपल्या एकतालासारखी, पण वजन पडतं तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर, म्हणजे आधी तीन तीनचे गट आणि नंतर दोन दोनचे. हाताने टाळी देऊन बघा, आठव्याला हमखास घसराल. हे सगळं पोटात मुरलेलं असलं तरच वर जॅझसारखं मोकळं गाता येतं, नाहीतर नुसता गोंधळ.

आता लॅटिन अमेरिकेच्या गाण्यांचं. क्युबा आणि स्पेनची गाणी काय आज भेटत नाहीयेत, बोटीतून शेकडो वर्षं येजा चाललीये. फ्लामेंकोत गुआखिरा, रुंबा असे प्रकार आहेत त्यांना जाऊन परत आलेली गाणी असंच म्हणतात. आणि आज फ्लामेंकोच्या प्रत्येक कार्यक्रमात जी लाकडी पेटी बसायला घेऊन बडवतात ना, काखोन, ती मूळची पेरूची, पाको दे लुसियाने सत्तरच्या दशकात तिथून आणली, आणि आता वाटतं दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियातच जन्मली असेल. त्यामुळे बुइका २००९ला क्युबन पियानोवादक चुचो वाल्देसबरोबर गायला बसली ते काही जगावेगळं नव्हतं. त्याच्या आधी चुचोचे वडील बेबो वाल्देस आणि फ्लामेंको गायक दिएगो एल सिगाला ह्यांचा बोलेरोंचा, म्हणजे संथ प्रेमगीतांचा, अल्बम गाजला होता, त्यातही लिमोनचा हात होता. बाप सिगालाबरोबर, लेक बुइकाबरोबर.

तो अल्बम म्हणजे 'एल उल्तिमो त्रागो'. निमित्त चावेला वार्गासच्या नव्वदीचं. चावेला जन्माने कोस्टा रिकाची, आयुष्य मेक्सिकोत, पुरुषांनी बाईसाठी लिहिलेली रांचेरा गाणी, म्हणजे मेक्सिकोची लोकप्रिय पारंपरिक गाणी, ती एक शब्द न बदलता गायची, नेहमीचा मारियाची वाद्यवृंद काढून टाकून नुसत्या गिटारवर. आता अशा बाईची गाणी गायची म्हणजे एकतर तिची नक्कल होते नाहीतर देवघरात ठेवल्यासारखी गायली जातात. बुइकाने दोन्ही केलं नाही. चुचोने मेक्सिकोची गाणी क्युबाच्या तालावर आणली आणि ही त्यावर फ्लामेंकोचा घसा घेऊन गायली. २०१०ला त्याला लॅटिन ग्रॅमी मिळालं, ट्रॅडिशनल ट्रॉपिकल विभागात, म्हणजे कुठल्या खान्यात टाकायचं कळेना तेव्हा टाकलं असावं असं आपलं मला वाटतं. २०११ला स्पॅनिश दिग्दर्शक अल्मोदोवारच्या सिनेमात ती लग्नाच्या सीनमध्ये गाताना दिसली. त्याच वर्षी अनुष्का शंकरचा 'ट्रॅव्हलर' आला, सतार आणि फ्लामेंकोचा, प्रोड्युसर परत लिमोनच, आणि त्यात एका गाण्यात बुइकाचा आवाज आहे. शोधून ऐका, तिथे सतार तिच्या मागे मागे छान चालते.

पण गाणी लिहिणारी म्हणून ती हळूहळू पुढे आली. २०१३च्या 'ला नोचे मास लार्गा'मध्ये तिची स्वतःची गाणी अमेरिकन जॅझ गायिका अॅबी लिंकन, बिली हॉलिडे आणि बेल्जियमचा गायक जाक ब्रेल ह्यांच्या गाण्यांच्या शेजारी बसलीयेत, एकावर पॅट मेथेनीची गिटार आहे, आणि खरं सांगायचं तर तिची गाणी कुठेही कमी पडत नाहीत. लॅटिन जॅझमध्ये ग्रॅमीचं नॉमिनेशन पण होतं त्याला. २०१५च्या 'विविर सिन मिएदो'मध्ये बहुतेक सगळं तिचंच लिखाण, थोडं इंग्रजीसुद्धा, जेसन म्राझबरोबर एक गाणं, रेगे, आर अँड बी असं बरंच काही. इथे माझं थोडं जमत नाही. शब्द चांगले, पण मागे इतका मालमसाला की तो फाटणारा आवाज झाकला जातो, आणि तो झाकायचा असेल तर बुइका कशाला ऐकायची. काही मित्रांना हाच अल्बम सगळ्यात आवडतो, ते ह्यावरून भांडतात माझ्याशी, भांडू देत.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर 'निन्या दे फुएगो'. मग चुचोबरोबरचा, आणि मग २०१३चा. शक्यतो मोबाईलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा, नाहीतर टाळ्यांचा ताल ऐकूच येणार नाही. आज इथे मात्र आधी 'मी निन्या लोला'च लावतोय, आणि लगेच पाठोपाठ चुचोचा पियानो.