डिझेल ट्रकचा गिअर कोण टाकतो?

समोर टेबलावर ठेवलेली ही पेटी तळहातावर मावेल एवढीच आहे. तिच्यातून निघालेले तारांचे जुडगे मात्र तिच्याहून जड भरेल. ट्रकच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये कोणता गिअर कधी पडावा, तो पडताना आतल्या क्लचच्या प्लेटा किती जोराने दाबल्या जाव्यात आणि इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सकडे पोहोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर कोणत्या क्षणी लॉक व्हावा, म्हणजे दोघांना थेट जोडावा, हे सगळे आता या पेटीने, म्हणजे कंट्रोलरने, ठरवायचे आहे. ती ट्रकबरोबर कारखान्यातून आलेली नाही. ती बाहेरून विकत आणलेली आहे आणि लॅपटॉप जोडून तिला एकेक आकडा शिकवावा लागणार आहे.

पूर्वीचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हा निर्णय स्वतःच घेत असत, तोही तेलाच्या दाबावर. १९८९ मध्ये फोर्डने आपल्या ट्रकांसाठी ई४ओडी आणि १९९१ मध्ये जनरल मोटर्सने ४एल८०-ई हा गिअरबॉक्स आणला, तेव्हा निर्णयाचे काम गिअरबॉक्समधून निघून गाडीतल्या संगणकाकडे गेले. त्या संगणकाला आपले इंजिन ठाऊक होते. पण या ट्रकमध्ये जोडी वेगळी जमवली आहे. गिअरबॉक्स ४एल८०-ई आहे, तर त्याच्यापुढे बसवलेले इंजिन आहे ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरचे, नव्वदच्या दशकातले कमिन्स डिझेल, ज्याचा बॉश पी७१०० इंधनपंप पूर्णपणे यांत्रिक आहे. दोघांचे बोल्ट जुळत नाहीत, म्हणून मध्ये जाड ॲडॉप्टर प्लेट घातली, आणि लोखंडाचा प्रश्न तिथे संपला. गिअरबॉक्सला हुकूम देणारे मात्र या इंजिनाकडे कोणीच नाही.

या गिअरबॉक्सच्या पोटात गिअर बदलणारे सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणाऱ्या तेलाच्या झडपा, फक्त दोन आहेत. पहिला चालू आणि दुसरा बंद असेल तर पहिला गिअर, दोन्ही बंद असतील तर दुसरा, फक्त दुसरा सोलेनॉइड चालू असेल तर तिसरा आणि दोन्ही चालू असतील तर चौथा. तेलाचा मुख्य दाब सांभाळणारा सोलेनॉइड वेगळा असून त्याची चाल उलटी आहे. त्याला साधारण १.१ अँपिअर विद्युतप्रवाह दिला की दाब सर्वांत कमी होतो, प्रवाह शून्य केला की सर्वांत जास्त. प्रथम पाहणाऱ्याचा इथे हमखास गोंधळ होतो. पण फ्यूज उडाला किंवा तार तुटली, तर ट्रक पूर्ण दाबाने दुसऱ्या गिअरमध्ये राहतो, गिअर पडताना धक्के बसतात, तरी क्लच न जळता गाडी रस्त्याच्या कडेला, जमल्यास घरापर्यंतही जाते. ज्याने ही मांडणी केली त्याने शेवटी काय बिघडेल, याचा विचार आधी केला होता.

खरी अडचण वेगळीच आहे. गिअर कधी टाकायचा आणि प्लेटा किती दाबायच्या, हे ठरवण्यासाठी कंट्रोलरला इंजिनावरचा भार कळावा लागतो. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. ती किती उघडी आहे किंवा तिच्यापुढच्या हवेच्या नळीत, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, निर्वात किती आहे, यावरून भाराचा अंदाज येतो. डिझेलला अशी झडप लागत नाही, म्हणून निर्वातही मिळत नाही. मग बहुतेक जण ॲक्सिलरेटरला जोडलेल्या, इंधनपंपाच्या लिव्हरवर एक पोझिशन सेन्सर बसवतात आणि काम झाले असे समजतात. पण अनेक यांत्रिक डिझेल पंपांमध्ये तो लिव्हर इंधनाचे प्रमाण थेट ठरवत नाही. तो गव्हर्नरकडे अमुक इतक्या फेऱ्या हव्यात एवढीच मागणी नोंदवतो, आणि त्या फेऱ्या टिकवण्यासाठी किती इंधन ओतायचे ते गव्हर्नर पाहतो. त्यामुळे सपाट रस्त्यावर रिकामा ट्रक आणि चढावर भरलेला ट्रक यांचा लिव्हर एकाच जागी असू शकतो, जरी क्लचवर येणारा जोर कितीतरी पट वेगळा असला तरी. टर्बोच्या बूस्टचा, म्हणजे तो इंजिनात कोंबत असलेल्या हवेच्या दाबाचा, सेन्सर लावल्यास भार अधिक खरा कळतो, मात्र ट्रक जागेवरून उठताना बूस्ट शून्य असतो आणि नेमका तेव्हाच जोर हवा असतो. म्हणून लिव्हरवर आधारलेल्या तक्त्यात अगदी खालच्या रकान्यांतही दाब सढळ हाताने भरून ठेवणे शहाणपणाचे ठरते. गिअर थोडा कडक पडेल, पण प्लेटा वाचतील.

आता लॅपटॉपच्या पडद्यावरचा तक्ता पाहू. सुरुवातीला भरून आलेले आकडे पेट्रोल इंजिनाला साजेसे आहेत आणि त्यानुसार पूर्ण ॲक्सिलरेटरवर पहिल्याचा दुसरा गिअर ताशी ५५ किलोमीटरला पडायचा आहे. या ट्रकचे चाक ८० सेंटिमीटर व्यासाचे, मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर ३.७३ आणि पहिल्या गिअरचे २.४८ आहे. हिशेब केला तर त्या वेगाला इंजिनाच्या मिनिटाला सुमारे ३,४०० फेऱ्या व्हाव्या लागतील. गव्हर्नर २,५०० च्या आसपासच इंधन आवरू लागतो. म्हणजे हा तक्ता तसाच ठेवला, तर पाय तळाला टेकलेला, इंजिन एकाच सुरात गुणगुणते आहे आणि दुसरा गिअर काही पडत नाही, अशी अवस्था होईल. आकडा ताशी ३९ वर आणला की गिअर सुमारे २,४०० फेऱ्यांना सुटतो आणि दुसऱ्यात इंजिन १,४०० च्या पुढे, म्हणजे जिथे डिझेल जोमात ओढते तिथे, येऊन बसते. खाली येण्याचा वेग वर जाण्याच्या वेगापेक्षा बराच कमी ठेवावा लागतो, नाहीतर चढावर गिअर सतत वरखाली होत राहतात.

इंजिनाच्या फेऱ्या मोजायलाही पेट्रोलसारखी इग्निशन कॉइल इथे नाही. फ्लायव्हीलच्या दात्यांसमोर चुंबकीय पिकअप बसवणे, हा खात्रीचा मार्ग आहे. अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरूनही संकेत मिळतो, पण पट्टा सरकला की आकडा खोटा पडतो.

वायरिंगमध्ये घाई केलेली दिसते ती थंड सकाळी. इंजिनात जाणारी हवा तापवणारा हीटर चालू झाला की शंभरएक अँपिअर खेचतो, बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो, आणि कंट्रोलरची तार हीटरच्याच टर्मिनलवरून फिरवून आणली असेल तर पेटी क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होते. त्यामुळे तिला बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूज आणि पक्के अर्थिंग देतात, सेन्सरच्या तारा पिळून जाड तारांपासून दूर नेतात. गाडी गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरू न देणारा स्विच या सगळ्या कापाकापीत विसरून चालणार नाही.

शेवटचा भाग उताराचा आहे, आणि पायावर विश्वास ठेवण्याची किंमत इथे सर्वांत स्पष्ट दिसते. चालकाने ॲक्सिलरेटर सोडून एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनाकडूनच ट्रक रोखणारा ब्रेक, लावला आहे. पाय वर, म्हणजे लिव्हर शून्यावर. कंट्रोलरच्या समजुतीनुसार भारही शून्य. त्यामुळे तो नेहमीच्या सवयीने कन्व्हर्टरचा लॉक सोडतो आणि तेलाचा दाब किमान पातळीवर आणतो. प्रत्यक्षात भरलेला ट्रक मागून ढकलतो आहे, इंजिन त्याला रोखते आहे, आणि तो सगळा जोर नुकत्याच सैल केलेल्या प्लेटांमधून जातो आहे. नोंदीत हे दिसते: इंजिनाच्या फेऱ्यांची रेघ टर्बाइन शाफ्टच्या, म्हणजे कन्व्हर्टरमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याच्या, रेघेपासून सुटून खाली घसरत जाते आणि तेलाचे तापमान चढू लागते.

यावर उपाय म्हणून एक्झॉस्ट ब्रेकच्या स्विचवरून एक तार कंट्रोलरपर्यंत आणली आहे. ब्रेक लागला की पेटी दुसरा तक्ता उघडते, ज्यात शून्य लिव्हरच्या ओळीत दाब भरपूर आहे, लॉक धरून ठेवला आहे, आणि ट्रक थांबत आला की इंजिन बंद पडू नये म्हणून ठरावीक वेगाखाली तो सुटतो. तोच उतार, तेवढेच वजन. ब्रेक लागल्याचा बारीक फुत्कार ऐकू येतो, आणि पडद्यावर दोन्ही रेघा एकमेकींवर बसून उताराच्या तळापर्यंत एकच होऊन खाली येतात.