कोणाचाच पुतळा नाही

नमस्कार. मी हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करतो. टाक्या, हॉपर, चिमण्या, म्हणजे दिवसभर प्लेट कापायची, वळवायची, जोडायची. तुम्हा चित्रकलेच्या पोरांसमोर रिचर्ड सेरा या अमेरिकन शिल्पकारावर बोलाल का असं विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं, कारण या माणसाचं काम मला आधी हातांना कळलं आणि डोक्याला नंतर.

मागच्या उन्हाळ्यात शॉपमध्ये आमच्या एका वेल्डरला मी सेराच्या कामाचा फोटो दाखवला. त्याचा पहिला प्रश्न, "भाऊ, हा कोणाचा पुतळा होय?" म्हटलं, कोणाचाच नाही. "मंग काहून उभा केला?" प्रश्न एकदम बरोबर आहे. आपल्याकडे चौकात काही उभं राहिलं की ते कोणाचं तरी असतं, खाली नाव असतं, जयंतीला हार पडतो. पण आपल्याच नागपूरच्या झिरो माईलला जाऊन बघा. वाळूच्या दगडाचा खांब आणि चार घोडे. लोक फोटो घोड्यांसोबत काढतात, पण मुख्य वस्तू तो खांब आहे, त्याला चेहरा नाही, तो फक्त सांगतो की बाबा तू इथे उभा आहेस. सेराचं मोठं काम बघताना मला तेच जाणवतं, फरक एवढाच की तो ते पोलादात सांगतो आणि अंगाला सांगतो.

जन्म १९३८, सॅन फ्रान्सिस्को. वडील तिथल्या शिपयार्डमध्ये पाइप फिटर. चार वर्षांचा असताना वाढदिवसाच्या दिवशी वडील त्याला जहाज पाण्यात उतरताना बघायला घेऊन गेले. एवढं धूड घसरत येतं आणि पाण्यात पडलं की तरंगायला लागतं, ते त्याला जन्मभर पुरलं. पुढे कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकला, खर्चासाठी स्टील मिलमध्ये राबला, मग येल विद्यापीठात पेंटिंग. १९६७-६८ मध्ये त्याने दोन कागदांवर क्रियापदांची यादी लिहून काढली, गुंडाळणे, दुमडणे, वाकवणे, पिळणे, कापणे अशी. ती यादी वाचली तेव्हा मला वाटलं अरे ही तर आमची रोजची जॉब शीट आहे. १९६९ ला त्याने शिशाच्या चार प्लेटा पत्त्यांच्या घरासारख्या एकमेकींना टेकवून उभ्या केल्या. वेल्ड नाही, बोल्ट नाही, एकीच्या वजनावर दुसरी. आमच्याकडे कोणी असं उभं करून जेवायला गेला तर मी त्याला कामावरून काढेन, पण तिथे बघणाऱ्याच्या पोटात जो गोळा येतो तोच त्या कामाचा जीव आहे.

आणि ती भीती खोटी नाही. १९७१ मध्ये मिनियापोलिसला त्याचं काम बसवताना प्लेट पडून एक कामगार गेला. मी शिकाऊ असताना एका शॉपमध्ये माझ्यापासून चार हातांवर स्लिंगमधून प्लेट सुटली होती, कोणाला लागलं नाही, पण तो आवाज अजून कानात आहे. त्यामुळे सेराबद्दल बोलताना त्या कामगाराला वगळून बोलायचं नाही असं मी ठरवलंय.

आता त्याचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण. १९८१, न्यूयॉर्क, फेडरल प्लाझा, सरकारी ऑफिसांच्या समोरचं पटांगण. तिथे त्याने एकच वळवलेली आणि जराशी कललेली भिंत उभी केली, 'टिल्टेड आर्क'. लांबी १२० फूट, उंची १२ फूट, जाडी अडीच इंच. आपण हिशोब करू. प्लेटचं वजन काढायचं आमचं सूत्र म्हणजे जाडी मिलिमीटरमध्ये गुणिले ७.८५, की एका चौरस मीटरचे किलो मिळतात. अडीच इंच म्हणजे ६३.५ मिमी, म्हणजे चौरस मीटरला जवळपास ५०० किलो, आणि क्षेत्रफळ साधारण १३४ चौरस मीटर, म्हणजे झाले ६६-६७ टन. स्टील कुठलं तर कॉर-टेन, त्यात तांबं, क्रोमियम असं थोडं थोडं असतं, त्यामुळे वर जो गंज चढतो तो पोपडे धरून गळत नाही, घट्ट बसतो आणि आतल्या स्टीलला राखतो, रंग आधी नारिंगी आणि काही वर्षांनी गडद तपकिरी. आपण गंज दिसला की रेड ऑक्साइड मारतो, त्याने गंजालाच रंग मानलं.

लोकांना मात्र ते बोचलं. रोज कामाला येणारी माणसं म्हणाली रस्ता अडवला, वळसा घालावा लागतो, गंजका पत्रा आणून ठेवला. १९८५ ला जाहीर सुनावणी झाली, १८० लोक बोलले, १२२ जण म्हणाले ठेवा, ५८ म्हणाले काढा, आणि तरी निर्णय काढायचाच झाला. सेरा म्हणत राहिला की हे काम याच जागेसाठी केलंय, इथून हलवलं की ते संपलं. कोर्टात गेला, हरला. १५ मार्च १९८९ च्या रात्री कापून तीन तुकडे केले आणि नेले. माझं मत विचाराल तर काढायला नको होतं. पण निवड तज्ज्ञांनी केली आणि तिथून रोज जाणाऱ्याला आधी कोणी विचारलं नाही, हेही मला खुपतं. तो वळसा कशासाठी आहे हे त्या माणसाशी बसून बोलायला हवं होतं, जसं माझ्या वेल्डरशी मला बोलावं लागलं.

यानंतर माणूस खचला असता, पण त्याचं सगळ्यात सुंदर काम इथून पुढे आहे. रोममध्ये बोरोमिनी या जुन्या वास्तुकाराचं सान कार्लो नावाचं छोटं चर्च आहे, लंबगोल. सेरा बाजूने आत शिरला आणि त्याला वाटलं की खालचा लंबगोल आणि वरचा लंबगोल एकमेकांवर फिरलेत. मध्ये जाऊन बघतो तर तसं काही नव्हतं, नजरेची चूक. त्याने ती चूकच बनवायची ठरवली! दोन लाकडी लंबगोल एका दांड्यावर तिरपे बसवले, त्यांच्याभोवती शिशाचा पत्रा गुंडाळला, उलगडला, की प्लेट कशी वळवायची त्याचा नकाशा हातात. मोठ्या प्लेटा वळवायला मेरीलँडच्या एका शिपयार्डचं रोलिंग मशीन लागलं, म्हणजे लहानपणीच्या शिपयार्डकडेच परत गेला बघा. गोल टाकी वळवताना आमचे रोल समांतर असतात, इथे वाक जागोजागी बदलतो, ते किती अवघड आहे हे माझा रोलिंगवाला तुम्हाला तासभर सांगेल.

अशी आठ कामं स्पेनच्या बिल्बाओला एकाच हॉलमध्ये आहेत, २००५ पासून. भिंती कधी अंगावर झुकतात, कधी लांब जातात, चालता चालता बाहेर कुठे आहे तेच विसरायला होतं असं सांगतात. मी तिथे गेलेलो नाही. पण दीक्षाभूमीच्या स्तूपात पहिल्यांदा शिरलो तेव्हा तो एवढा मोठा घुमट आतून पोकळ आहे हे पायांना आधी कळलं, चाल मंद झाली, आवाज आपोआप खाली आला, आईने माझा हात धरला होता तो तिने सोडला. मला ते तसंच कळतं.

कतारच्या वाळवंटात २०१४ ला त्याने चार उंच प्लेटा एका रेषेत, किलोमीटरभर लांबीत उभ्या केल्या. जमीन खालीवर, पण चौघींचे माथे एका लेव्हलला. २६ मार्च २०२४ ला तो गेला.

बाहेर टेबलावर मी दोन लाकडी लंबगोल दांड्यावर बसवून ठेवलेत, बाजूला अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आहे. प्रत्येकाने स्वतः गुंडाळून बघा, हातमोजे घालूनच, पत्र्याची धार लागते.